हरवलेला जबाब



ह्या व्यासपीठावर मी पूर्वी दोनदा बोललो आहे, आणि दोन्ही वेळा विषय कामगार कायद्याचा होता. यंदा चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा मी सांगितले की संगणकांच्या जाळ्यावर नवी फाईल निर्माण करताना होणारे घोटाळे व त्यांची दुरुस्ती, ह्यावर बोलेन. चिटणीसांना प्रथम वाटले, मी थट्टा करतो आहे. मग त्यांनी काळजीच्या सुरात विचारले, "लोक बसतील ना?" मी म्हणालो, "एका बाईंची नोकरी ह्या घोटाळ्यापायी जात होती, आणि ती घालवणाऱ्यांत मी होतो. एवढे सांगितल्यावर लोक बसतील."

मी इंजिनिअर नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि रात्री वाचनालयात झाले. संगणकाची विद्याही गळ्यात पडली म्हणून शिकलो. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते पंडिताचे विवेचन नव्हे. चूक करून मग शिकलेल्या माणसाचा तो कबुलीजबाब आहे.

हकीकत २००४ सालच्या मार्च महिन्यातली आहे. आमच्या कामगारांच्या सहकारी पतपेढीत दोन खिडक्या होत्या. दोन्हींवर जुने विकत घेतलेले संगणक, आणि आतल्या खोलीत तिसरा, ज्यावर सर्व पावत्यांचे दप्तर राही. ह्या तिसऱ्याला सर्व्हर म्हणतात. एका सभासदाच्या मुलाने, जो त्या वेळी इंजिनिअरिंग शिकत होता, लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवून हा सारा संसार एक पैसा न घेता उभा करून दिला होता. पैसे भरले की खिडकीवरचा संगणक पुढच्या क्रमांकाची एक नवी फाईल सर्व्हरवर निर्माण करी, तिच्यात नाव व रक्कम लिही, आणि पावती छापून देई.

मार्चअखेरच्या गर्दीत तक्रारी आल्या. सभासदांच्या हातात पावती आहे, पण त्या क्रमांकावर दप्तरात भलत्याचेच नाव आहे, आणि त्यांचे पैसे खात्यात जमा नाहीत. अशा पाच पावत्या निघाल्या आणि पाचही पहिल्या खिडकीच्या. तेथे ज्या बाई बसत, त्यांचा हात चलाख, बोलणे थोडे. संचालकांच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले की बाई दप्तराबाहेर खोट्या पावत्या छापतात. मी त्या बैठकीत होतो. मालकाने पुराव्यावाचून कामगाराला निलंबित केले तर फाटकावर सभा घेणारा मी, त्या दिवशी त्यांच्या आरोपपत्रावर सही करून मोकळा झालो. कारण काय, तर "कॉम्प्युटर खोटे बोलत नाही."

आता तो कॉम्प्युटर काय बोलत होता, ते पाहू.

आपल्या टेबलावरच्या संगणकाला दूरच्या सर्व्हरवरील फाईल ही आपल्याच पेटीतली असावी तशी वापरता यावी, ह्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीने १९८४ च्या सुमारास एक पद्धत बसवली. तिला नेटवर्क फाईल सिस्टिम, थोडक्यात एन्‌एफ्‌एस्‌, म्हणतात. आपला कार्यक्रम मागणी करतो ती आधी प्रणालीच्या गाभ्याकडे जाते. त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल ती एका दुभाष्याकडे देतो. हा दुभाष्या म्हणजेच ड्रायव्हर. तो मागणीचा निरोप करून तारेवरून सर्व्हरकडे धाडतो, आणि आलेले उत्तर परत आणतो.

ह्या पद्धतीत एक मोठी सोय मुद्दाम केलेली होती. कोण काय मागत आहे ह्याची आठवण सर्व्हरने ठेवायची नाही. प्रत्येक निरोप स्वयंपूर्ण. उत्तर आले नाही तर दुभाष्याने तोच निरोप पुन्हा धाडायचा, येईपर्यंत धाडत राहायचे. सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. वाचण्याच्या कामाला ही सोय उत्तम आहे. "दहाव्या पानावरचा मजकूर सांगा" असे दहा वेळा विचारले, तरी दहा वेळा तेच पान मिळेल. परंतु निर्माण करणे, पुसणे, नाव बदलणे ही कामे निराळी आहेत. ती एकदा झाली की जग बदलते, आणि दुसऱ्यांदा विचारले तर उत्तरही बदलते. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

पहिला घोटाळा असा. पावतीच्या कार्यक्रमाची मागणी साधी नव्हती. तिला अट होती, की ह्या नावाची फाईल आधी नसेल तरच निर्माण करा, असेल तर नाही म्हणा. एकाच यंत्रावर सर्व काही असते तेव्हा कर्नेल त्या कप्प्याला कुलूप घालतो, नाव आहे का ते पाहतो, फाईल करतो आणि मग कुलूप काढतो. पाहणे आणि करणे ह्यांच्या मध्ये कोणाला शिरता येत नाही. त्या मुलाने आपला कार्यक्रम एकाच यंत्रावर तपासला होता, आणि तेथे तो निर्दोष चालला. तो खोटे बोलला नव्हता.

पण जाळ्यावर काय होई? पहिल्या खिडकीचा दुभाष्या विचारी, "२३१८ आहे काय?" उत्तर येई, "नाही." त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीचा दुभाष्या तेच विचारी आणि त्यालाही "नाही" हेच उत्तर मिळे. शिवाय "नाही" हे उत्तर दुभाष्या काही वेळ स्वतःजवळ जपून ठेवतो, दर वेळी पुन्हा विचारीत नाही. त्यामुळे ही फट डोळ्याच्या पापणीएवढीच राहील असेही नव्हते. मग दोघेही सांगत, "२३१८ निर्माण करा." सर्व्हर पहिल्याला होय म्हणे आणि दुसऱ्यालाही होय म्हणे, कारण "नसेल तरच" ही अट त्याच्यापर्यंत आलेलीच नसे. दोघांना एकच फाईल मिळे, आणि ज्याने मागून लिहिले त्याचा मजकूर आधीच्यावर बसे. म्हणजे ज्याने आधी काम केले त्याचेच पुसले जाई. बाईंचा हात चलाख होता, म्हणून पुसलेल्या नोंदी बहुधा त्यांच्या निघाल्या. चलाखीचे हे बक्षीस!

कोणी म्हणेल, मग ती अट सर्व्हरलाच सांगावी, म्हणजे झाले. नाव आहे की नाही हे त्यानेच पाहावे, आणि असेल तर त्यानेच नाही म्हणावे. सूचना योग्य आहे. परंतु ती अमलात आणली की पहिला घोटाळा मिटतो आणि दुसरा उभा राहतो. तो समजण्यासाठी मी तुम्हांला गिरणगावात नेतो.

मुंबईच्या गिरणीतला माणूस कोकणात आईला मनीऑर्डर करी. पैसे पोचले की आईच्या अंगठ्याची पोच उलट टपाली येई. समजा, महिना झाला तरी पोच आली नाही. तर काय समजावे? पैसे वाटेत अडकले असतील, किंवा पैसे मिळाले आणि पोचच हरवली असेल. मुंबईत बसलेल्या माणसाला ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पुन्हा पैसे पाठवावेत तर दुप्पट होतील, न पाठवावेत तर घरी चूल अडेल.

दुभाष्याची हीच अवस्था होते. त्याने सांगितले, "२३१९ नसेल तरच निर्माण करा." सर्व्हरने फाईल केली, उत्तर धाडले, आणि ते उत्तर वाटेत हरवले. ठरल्याप्रमाणे दुभाष्याने तोच निरोप पुन्हा धाडला. सर्व्हरला आधीची आठवण नाही. तो पाहतो तर २३१९ हजर. तो इमानाने सांगतो, "अशी फाईल आहे, निर्माण करता येत नाही." ज्याने काम केले त्यालाच सांगण्यात येते, की हे दुसऱ्या कोणाचे तरी आहे. पहिल्या घोटाळ्यात दोघे मालक होते. ह्या दुसऱ्यात एकही उरत नाही.

ह्यावर एक इलाज १९८९ साली चेट युश्चाक ह्यांनी एका निबंधात मांडला. सर्व्हरने नुकत्याच केलेल्या कामांची एक छोटी टाचणवही ठेवावी. तोच निरोप पुन्हा आला तर काम पुन्हा न करता काय ते ओळखावे. इलाज चांगला होता आणि तो रूढही झाला. पण टाचणवही लहान, गर्दीत जुनी पाने लवकर फाटतात, आणि ती साधारणपणे सर्व्हरच्या चालू स्मरणात असल्यामुळे वीज गेली की कोरी होते. मार्चअखेर आणि वीज, ह्यांचे नाते तुम्हांला सांगायला नको.

पक्का इलाज १९९५ साली एन्‌एफ्‌एस्‌च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आला. तिच्यात फाईल निर्माण करण्याचे तीन प्रकार ठेवले आहेत. पहिला बिनशर्त. दुसरा, असेल तर नाकारा. आणि तिसरा, ज्याला एक्सक्लुझिव्ह म्हणतात, त्यात मागणाऱ्याने निरोपाबरोबर आठ बाइटांची एक खूण पाठवायची. सर्व्हरने फाईल करताना ती खूण फाईलीबरोबरच कायमच्या साठ्यात नोंदवायची. पुन्हा मागणी आली आणि फाईल आढळली, तर खूण ताडून पाहायची. खूण जुळली तर हा तोच माणूस, त्याचे उत्तर हरवले असावे, त्याला होय म्हणा. न जुळली तर दुसरा कोणी आहे, त्याला नाही म्हणा. वीज जाऊन आली तरी खूण फाईलीजवळच असते. दोन्ही घोटाळे एकाच उपायाने मिटले. मनीऑर्डरच्या पावतीवरचा क्रमांक दाखवून पोस्टात विचारणा करता येई, तसेच हे आहे.

प्रत्येक औषधाला काही पथ्य असते. खूण ठेवायला फाईलीत वेगळी जागा नव्हती, म्हणून सर्व्हर बहुधा ती फाईलीच्या तारखांच्या जागी लिहीत. लिनक्समध्ये खूण घडवली जाई घड्याळाच्या ठोक्यांचा आकडा आणि चालू कार्यक्रमाचा क्रमांक ह्यांतून. साहजिकच, फाईल झाल्यावर दुभाष्याने दुसरा निरोप धाडून खऱ्या तारखा आणि परवानग्या घालाव्या लागत. ह्या दोन निरोपांच्या मध्ये खिडकीवरचा संगणक बंद पडला, तर विचित्र तारखेची एक अनाथ फाईल मागे राही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ४.१ ह्या आवृत्तीत खूण आणि परवानग्या एकाच निरोपात पाठवण्याची सोय झाली, तेव्हा हे पथ्य सुटले.

आता तुम्ही विचाराल, इलाज १९९५ चा आणि आमचा घोटाळा २००४ चा, तो कसा? हाच प्रश्न मी त्या मुलाला विचारला. लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांना वाचायला उघडा आहे. आम्ही दोघे रात्री पतपेढीत बसून तो वाचू लागलो. मला ती भाषा येत नव्हती, पण न्यायालयांचे निकाल वाचून एक सवय लागली आहे. कोणी कोणाला काय सांगितले, एवढे पाहत जावे.

आमच्याकडे कर्नेलची २.४ ही मालिका होती. सर्व्हरला खुणेची रीत ठाऊक होती. दुभाष्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या भागातही ती लिहून तयार होती. परंतु खिडकीवरचा कार्यक्रम "नसेल तरच" म्हणाला, की ती अट वरच्या थरातला कर्नेल स्वतःशीच ठेवून घेई, आपल्या परीने एकदा पाही, आणि दुभाष्याला नुसते "निर्माण कर" एवढेच सांगे. दुभाष्याच्या मजकुरात लिहिणाऱ्याने टीपही ठेवली होती, की ही अट केव्हातरी येथपर्यंत पोचायला हवी, वरून ती पाठवली जात नाही. ती वाचून मी कपाळाला हात लावला. कामगारांनी मागणीपत्र दिले आहे, मॅनेजर ते मान्य करायला बसला आहे, आणि मधल्या टेबलावरच्या माणसाने त्यातली मुख्य अट काढून कोरा कागद आत पाठवला आहे! असे प्रकार मी आयुष्यभर पाहिले होते. कर्नेलच्या २.६ ह्या मालिकेत, जी डिसेंबर २००३ मध्ये बाहेर पडली, ही अट दुभाष्यापर्यंत पोचवण्याची दुरुस्ती झाली होती. आमच्या यंत्रांवर ती अजून आलेली नव्हती, एवढेच.

निदानाची खात्री करून घ्यायची म्हणून आम्ही पावत्यांचे दप्तर बाजूला ठेवून दोन्ही खिडक्यांवरून एकाच वेळी तीच एक हजार नावे निर्माण करायला लावली. जो "मी निर्माण केले" म्हणेल त्याने आपल्या कागदावर टिंब करायचे. नियमाप्रमाणे एका नावाला एकच टिंब हवे. रात्रभरात कित्येक नावांवर दोन टिंबे पडली. ज्या दोषाची पुन्हा पुन्हा प्रचीती घेता येते, त्याचीच दुरुस्ती करता येते. नाहीतर तो दोष कोणाच्यातरी चारित्र्यावर ढकलला जातो.

नवी मालिका बसवायला धीर होईना, कारण वर्षअखेरचे हिशेब चालू होते. तोवर एक जुनी युक्ती वापरली, जी लिनक्सच्या माहितीपुस्तिकेतच दिली आहे. प्रत्येक खिडकीने आधी स्वतःच्या वेगळ्या नावाची फाईल करायची, ज्यात यंत्राचे नाव आणि कार्यक्रमाचा क्रमांक असेल, म्हणजे ते नाव दुसऱ्या कोणाचे असणे शक्य नाही. मग त्या फाईलीला पावतीचे नाव हे दुसरे नाव म्हणून जोडायचे. एका नावाला दोन फाईली जोडता येत नाहीत, म्हणून जोडणी एकाचीच होते. जोडणी झाली असे उत्तर आले तर प्रश्न नाही. नाही असे आले, तर मात्र त्यावर विसंबायचे नाही, कारण खरे उत्तर वाटेत हरवलेले असू शकते. आपल्या फाईलीकडे स्वतः जाऊन पाहायचे, की तिला आता नावे किती आहेत. दोन असतील तर जोडणी आपलीच झाली. एकच असेल तर नाही. कार्यक्रमात आम्ही एवढा बदल केला आणि हजार नावांचा तोच प्रयोग पुन्हा केला. दोन टिंबांचे नाव एकही निघाले नाही. पुढे त्या पावसाळ्यात २.६ बसवली.

ह्या दुरुस्तीच्या दिवसांत आणखी दोन गोष्टी बाहेर आल्या. पुसलेल्या पावत्या एकूण सात होत्या. राहिलेल्या दोन दुसऱ्या खिडकीच्या होत्या, त्या सभासदांनी अजून पासबुक पाहिले नव्हते म्हणून तक्रार आली नव्हती. आणि दुसरी गोष्ट हिशेबनीसाकडे होती. त्या महिन्यात काही दिवशी तिजोरीत नोंदीपेक्षा रोकड जास्त भरली होती. कारण सापडेना म्हणून त्याने ती रिवाजाप्रमाणे उचंत खात्यात टाकली होती. ती बेरीज काढली. सात पावत्यांच्या बेरजेशी ती रुपयाला रुपया जुळली.

चोराच्या गल्ल्यात रोकड जास्त कशी भरेल, हा प्रश्न एखाद्या शाळकरी पोरालाही सुचला असता. आम्हांला तो सुचला नाही, कारण आम्ही तो विचारलाच नाही. बाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, "मी नोंद केली होती, माझ्या पडद्यावर झाली असे आले होते." त्यांचा जबाब खरा होता. तो आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आणि पोचला तेव्हा आम्ही दप्तराकडे बोट दाखवून म्हणालो, येथे तर दुसऱ्याचे नाव आहे.

आरोपपत्र मागे घेतले. संचालकांच्या बैठकीत मी उभा राहून माफी मागितली. निलंबनाच्या दिवसांचा पगार दिला. मी बाईंना मोठ्या उत्साहाने खुणेची ही सारी योजना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, यंत्राने दुसऱ्यांदा विचारले तर ओळखायची सोय केलीत, चांगले झाले. मला पहिल्यांदा तरी नीट विचारायचे होते." त्या कामावर परत आल्या, पण खिडकीवर पुन्हा बसल्या नाहीत. मागच्या खोलीत खतावणीचे काम मागून घेतले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केले. ती दुरुस्ती मला करता आली नाही.

मंडळी, आज रेशन, पेन्शन, हजेरी, मजुरी, सर्व काही कोठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर नोंदले जाते. म्हातारीचा अंगठा लागतो, पडदा थोडा वेळ थांबतो, आणि मग सांगतो की धान्य आधीच उचलले आहे. अशा वेळी खिडकीमागचा माणूस म्हणतो, "कॉम्प्युटरमध्ये आहे." असेल. पण काम होणे ही एक गोष्ट आहे, ते झाल्याचे कळणे ही दुसरी, आणि कोणी केले हे ठरणे ही तिसरी. ह्या तिन्हींच्या मध्ये तार आहे, दुभाष्या आहे, आणि मधल्या टेबलावर राहून गेलेली अट आहे. म्हणून आपण दोन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक मागणीला खूण असावी, म्हणजे क्रमांक असलेली पोच, जी दाखवून पुन्हा विचारता येईल. आणि दप्तर व माणूस ह्यांचा जबाब जुळला नाही, तर माणसाला दोषी धरण्याआधी जाऊन वस्तू पाहावी. गल्ला मोजावा, उचंत खाते उघडावे.

हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मी फाटकावर तीस वर्षे सांगत आलो. ते मला स्वतःला कळले, ते पतपेढीच्या मागच्या खोलीत, रात्री दोन वाजता, टिंबांचा कागद हातात असताना.